कूलरचा करंट लागला तेव्हापासून भावाचा खांदा जाम आहे, एक्स-रे मात्र नॉर्मल, असं कसं?

नागपुरात मे महिन्यात कूलरचा करंट काही नवीन नाही, पण त्यानं खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. निखळलेल्या शंभर खांद्यांत असे जेमतेम दोन ते पाच, बाकी बहुतेक पुढे सरकतात, म्हणून हा सुटून जातो. करंटमुळे (किंवा फिट आल्यावर) सगळे स्नायू एकदम आवळतात, त्यात हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा दांडगे, मग ते दंडाच्या हाडाचा गोळा मागे ढकलून देतात.

एक्स-रे नॉर्मल का? तर पाठीचं फावडं सरळ सपाट नसतं, जरा पुढे कललेलं असतं, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत गोळा आणि खोबण एकमेकांवर येतात आणि सगळं जागेवर दिसतं. नीट बघितलं तर गोळा बल्बसारखा गोल दिसतो, ही त्यातली एक खूण.

घरी बघा, कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवायला सांगा, अजिबात वळत नसेल तर शंका घ्या. जबरदस्ती नको, आणि मालिशवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका बाप्पा! नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक (हाडांच्या) ओपीडीत जा, करंट लागल्याचं आधी सांगा, काखेतून एक्स-रे नाहीतर सीटी करायचा का ते विचारा. तीनेक आठवडे उलटले की नुसतं ओढून बसवणं कठीण होतं, मग ऑपरेशन लागू शकतं.