शिंपल्यांवरून कातळाचं वय: गुहागरच्या प्रश्नावर

गुहागरजवळ ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काळ्या कातळावर शिंपल्यांचा कडक थर आहे, त्यावरून खालच्या लाव्हाचं वय निघेल का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून ती करळ वाटते, म्हणजे चुन्याने सांधलेली वाळू आणि शिंपले. फोटोवरून छातीठोक सांगत नाही, पण आज किनाऱ्यावर मिळतात त्याच जाती असतील तर थर बहुधा काही हजार वर्षांचा. कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांचा. लाव्हा आधीचा, एवढंच त्यातून कळेल.

लाव्हाचं वय जीवाश्मांनी बांधायला गाळ दोन प्रवाहांच्या मध्ये सापडावा लागतो. वरच्या प्रवाहाने गाळाचा माथा भाजलेला आहे का आणि खालच्या प्रवाहाचे गोटे गाळात आहेत का, ते बघा. दोन्ही नसेल तर सावध राहा. कातळाच्या फटीत मागाहून घुसून घट्ट झालेली वाळू हुबेहूब मधल्या थरासारखी दिसते. आंध्रातल्या राजमहेंद्रीला आणि मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळ झिलमिलीला प्रवाहांमधला खरा गाळ आहे. तिथल्या तरंगत्या फोरॅमिनिफेरांवरून (समुद्रातले कवचवाले सूक्ष्म एकपेशीय जीव) तो डेनियन काळाच्या सुरुवातीचा, म्हणजे डायनासोर संपल्यानंतर लगेचचा ठरला. मुंबईत वरळीला मिळालेला जीवाश्म बेडूक गोड्या पाण्यातला, त्याचा इथे उपयोग नाही.

खरा घात नमुने देताना होतो. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) वेगवेगळ्या पातळ्यांचे आमचे शिंपले एकत्र दळले आणि एकच तारीख हातात ठेवली. लाटांनी जुन्या थरातून उपसून आणलेले शिंपले आणि जागच्या जागी मेलेले एकत्र दळले की ती तारीख कुणाचीच राहत नाही. दळलेलं परत मिळत नाही, आणि तो थर पुढच्या पावसाळ्यात उरेलच असं नाही. याचा राग अजून आहे.

म्हणून अर्धा नमुना घरी ठेवाच. दोन्ही शिंपा मिटलेला शिंपला निवडा, तो सहसा फार लांबून आलेला नसतो. प्रत्येकावर पातळी आणि वरची बाजू दाखवणारा बाण लिहा. 'एका वेळी एकच शिंपला, आधी एक्स-रे डिफ्रॅक्शन' ही अट कागदावर घ्या; त्या क्ष-किरण तपासणीने कवच कोणत्या खनिजाचं आहे ते कळतं. अ‍ॅरागोनाइट आणि कॅल्साइट ही चुन्याचीच दोन खनिजं; मुळात अ‍ॅरागोनाइटचा शिंपला कॅल्साइटचा झालेला निघाला तर त्यात नवा कार्बन शिरलेला असू शकतो, तो टाकून द्या. कालवांना ही कसोटी लावू नका, त्यांचं कवच मुळातच बहुतांशी कॅल्साइटचं असतं. रेडिओकार्बन, म्हणजे कवचातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं, साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालतं, आणि समुद्री कवचाला ढोबळ 400 वर्षांची दुरुस्ती लागते. ती केली की नाही, हे अहवालात लिहून मागा.

दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे चिकणमाती मिळालीच तर फोरॅमिनिफेरा काढायला ती वाळवा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवा आणि 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवा, म्हणजे अडकून राहिलेली कवचं निळी होतात. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं तर ते आधीच्यातून चुकून आलेलं. हे न करणाऱ्या प्रयोगशाळेला, माझं मत विचाराल तर, फोरॅमिनिफेरा देऊच नका.