कोच लावू का, मॅडम?

गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या इतक्या जणांनी हा प्रश्न विचारला की लिहायलाच हवं. कुत्र्यांचं बोर्डिंग (मालक गावी गेले की सांभाळणं), ग्रूमिंग (आंघोळ, केस-नखं कापणं), ट्रेनिंग करणारी तरुण मुलं मराठवाड्यात आता बरीच आहेत आणि बिझनेस कोचच्या जाहिराती त्यांच्या मोबाईलवर रोज येतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

लातूरचा असाच एक मुलगा, एम.एस्सी. झालेला. मनगटावर नखांचे जुने ओरखडे. कोचची फी साठ हजार, ‘आजच भरली तर पंचेचाळीस’. तो बायकोची पाटली मोडायच्या बेतात होता.

“कोच काय शिकवणार?”

“रेट कसा सांगायचा ते. गिऱ्हाईक समोर आलं की माझ्या तोंडातून आकडाच निघना गेलाय.”

पहिल्या भेटींत वडिलांचं एक वाक्य सारखं यायचं, ‘एवढं शिकून कुत्री धुतो.’ तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, नवं, घाबरलेलं कुत्रं आलं की काय करतोस? तो उठला आणि सरळ फरशीवर बसला. माझ्याकडे पाठ नाही, तोंडही नाही, कुशी करून. हात मांडीवर, सैल.

“असं बसायचं. डोळ्यात बघायचं नाही, बोलवायचं नाही. ते आपणहून येतं.”

“नाही आलं तर?”

“तर उद्या येईल. त्यात काय वाईट वाटायचं?”

“आणि गिऱ्हाईक ‘विचार करून सांगतो’ म्हणालं की?”

बराच वेळ तो फरशीवरच होता. मग म्हणाला, “तवा मी लगेच शंभर कमी करतो.”

त्या क्षणी मला जे दिसलं ते आजही पक्कं वाटतं. थांबायची कला त्याच्या अंगात मुरलेली होती. कुत्र्याचा नकार तो स्वतःवर घेत नव्हता. माणसाच्या नकारात मात्र त्याला वडिलांचं वाक्य ऐकू यायचं. प्रसंग त्रास देत नाही, त्याचा आपण लावलेला अर्थ देतो, असं मी मानते आणि वीस वर्षांत हे मत बदलावंसं वाटलेलं नाही. गृहपाठ एवढाच दिला: पाचशे म्हणायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. पंधरा दिवसांनी सांगत आला, सहाव्या आकड्याला समोरचा म्हणाला, “चालेल, दिवाळीत जागा ठेवा.”

म्हणून माझं सांगणं, आधी अडचण कुठली ते ओळखा. भीतीवर कोच नको. हिशेब, जागा, परवाने यांत अडलात तर जरूर लावा, पण पारखून. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. त्यांच्या दोन जुन्या शिष्यांशी स्वतः बोला. त्यांच्या स्वतःच्या धंद्याची जमाखर्चाची वही मागा. फी महिन्याच्या महिन्याला द्या, ‘आजच’ म्हणणाऱ्याला उद्या या म्हणा. ‘पिल्लं विका’ म्हणाले तर कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे का बघा. ‘रोज वीस आंघोळी करा’ म्हणाले तर विचारा, पाणी कुठून आणू? 2016 ला लातूरला पाणी रेल्वेने आलं होतं.

पाटली मोडली नाही. काही महिन्यांनी त्याचाच फोन आला, “मॅडम, आता पोरं मला विचारायलीत. मीच कोच होऊ का?”

मी म्हटलं, “वही दाखव.”

“आठच महिन्यांची आहे.”

“मग?”

तो हसला. “थांबतो.”