पट्ट्यांच्या फटी

प्रश्न : लाकडी जहाजाच्या मॉडेलवर ५ मिमीच्या पट्ट्या बसवतोय. नाळेजवळ (जहाजाच्या पुढच्या टोकाशी) कडा उचलतात, वाळल्यावर फटी पडतात. काय चुकतंय? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : पट्टी रुंदीच्या अंगाने वाकत नाही, म्हणून कडा उचलते. जहाजाचा मधला घेर मोठा, नाळेशी लहान; म्हणून पूर्ण रुंदीच्या पट्ट्या तिथे मावत नाहीत. कागदाची चिंधी लावून नाळेजवळचा घेर मोजा, पट्ट्यांच्या संख्येने भागा. ३ मिमी आले तर टोकाशी रुंदी ३ मिमी उरेल असं निमुळतं तासा. पट्टीच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी आलं, तर एक पट्टी नाळेपर्यंत न नेता अलीकडेच संपवा.

फटी पडतात त्या ओलाव्यामुळे : ओली चिकटवलेली पट्टी वाळताना आकसते. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवलेली पट्टी पिना टोचून रात्रभर वाळवा, मगच गोंद. खानदेशी उन्हात ती तासाभरात कोरडी भासते, पण आतून ओलीच असते! डावी-उजवी आलटूनपालटून लावा; नाहीतर जहाजाचा कणाच (तळाचा मधला लांब दांडा) पिळतो.