पहिल्यांदाच त्र्यंबकला निघालायस तर

दर्शन, ब्रह्मगिरीचा डोंगर आणि हरिहर किल्ला हे सगळं एका दिवसात बसवलं असशील, तर आधी हरिहर खोड. नाशिकहून त्र्यंबक जेमतेम तीस किलोमीटर, एसटीही भरपूर. पण श्रावणी सोमवारी दिवस रांगेतच जातो. मधला वार धर. मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं, काळ्या दगडातलं. बाहेरचं कोरीवकाम निवांत बघ. मग ऊन चढायच्या आत डोंगराला लाग.

ब्रह्मगिरीला पायऱ्या आहेत म्हणून हलक्यात घेऊ नकोस, उंची 1300 मीटरच्या आसपास आहे. हातात पिशवी अजिबात नको, माकडं हिसकावतात. खाऊ सॅकमध्ये, चेन लावून. गोदावरीचा उगम बघून बरेच जण माघारी फिरतात. तू पुढे दुर्गभांडारपर्यंत जा, ब्रह्मगिरीलाच जोडलेला छोटा किल्ला आहे तो. कातळ कोरून काढलेला जिना, जवळपास रांगत पार करायचा दरवाजा आणि दोन्हीकडे दरी असलेली चिंचोळी वाट! माझ्या मते खरा ट्रेक तोच. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर मात्र तिकडे फिरकू नकोस.

हरिहरला वेगळा दिवस दे, पायथ्याच्या निरगुडपाड्याहून लवकर चढ. रविवारी त्या उभ्या पायऱ्यांवर वरचे आणि खालचे समोरासमोर अडकतात, रीलवाले वेगळेच. पायऱ्यांच्या कडेला हात धरायला खोबण्या आहेत. उतरताना तोंड कातळाकडे ठेव, मोबाइल खिशात. आणि बूट नवे कोरे घालून येऊ नकोस, आधी आठवडाभर नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगरावर वापर.