‘मी नाही म्हटलं नाही, फक्त अट घातली’

पत्र: मी ऐरोलीत राहतो, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे. मुलगा टीवाय बीएस्सीला आहे, विषय भूशास्त्र, आतापर्यंतचा सीजीपीए ८.४. डिग्री झाल्यावर त्याला न्यूझीलंडला जाऊन पाठीवर सॅक घेऊन चार-पाच महिने चालायचं आहे. ‘ते अरारोआ’ नावाची काही वाट आहे म्हणे. मी त्याला आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही, फक्त अट घातली. दहावीला ९० टक्के पडले तर गिअरची सायकल म्हटलं होतं, ८८.६० पडले, तरी सेकंडहँड का होईना, घेऊन दिली. आता सांगितलंय, आधी एमपीएससी काढ, मग न्यूझीलंडचं तिकीट माझ्याकडून. तो म्हणतो, तिकिटाचे पैसे नकोत, तिथे फळबागांमध्ये काम करून भागवीन. हल्ली घरात फारसं बोलत नाही. दुसरा पर्याय असा की जायचंच असेल तर तिथे एक वर्षाच्या डिप्लोमाला घालू, सुट्टीत फिरेल, हातात कागद तरी येईल. वाशीच्या एजंटने २० लाखांपर्यंत खर्च सांगितला आहे, फ्लॅटवर कर्ज निघू शकतं. एमपीएससी की डिप्लोमा, कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

नमस्कार. दोन्ही नको.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच आहे. पण मला खरी काळजी वाटली ती पत्राच्या मधल्या भागाची. मुलगा आता वीस-एकवीस वर्षांचा असेल. म्हणजे दहावीचा निकाल लागून पाचेक वर्षं झाली, आणि तुम्हाला त्याचे टक्के अजून दशांशासकट पाठ आहेत. दीड टक्काही कमी पडला नव्हता, त्याची वजाबाकी तुम्ही सायकलीतून केलीत. आणि हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, मोठ्या मनाने केलं म्हणून लिहिलंय, हे मला जास्त खटकलं. सेकंडहँड सायकलीत वाईट काही नसतं. पण त्या पोराने ती जितक्या वेळा बाहेर काढली असेल, तितक्या वेळा त्याला आपले ८८.६० आठवले असणार.

माझ्याकडे ठाण्या-नवी मुंबईतून जे पालक येतात त्यांत आरडाओरडा करणारे वडील असतात आणि अटी घालणारेही असतात. मला दुसऱ्यांची धास्ती जास्त. ओरडणाऱ्या बापाशी पोरगं निदान भांडू शकतं. अटी घालणाऱ्याशी भांडायचं कसं? तो तर ‘हो’ म्हणालेला असतो! मुलाने फक्त आधी काहीतरी करून दाखवायचं, आणि ते झालं की मग त्याला आवडतं ते मिळणार. आधी सायकल, आता न्यूझीलंड. दर वेळी वस्तू मोठी, आणि तिच्यावरची किंमतही मोठी.

शिवाय या वेळी लावलेली किंमत एमपीएससी आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, मुलं तिच्यासाठी वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसतात, आणि त्यातल्या बहुतेकांना शेवटी यादीत नाव दिसत नाही. ज्याला प्रशासनात जायचंय त्याने हे जरूर करावं. विमानाच्या तिकिटासाठी कुणी तहसीलदार होत नाही. फार तर सव्विसाव्या वर्षापर्यंत तो क्लासला जातो असं सांगत राहील, आणि तुम्ही फी भरत राहाल.

तुमच्या अख्ख्या पत्रात मुलाचं म्हणून एकच बोलणं आहे: ‘तिकिटाचे पैसे नकोत.’ ते तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथे थांबले. हा मुलगा तुमच्याकडे न्यूझीलंड मागतच नाहीये, तो या देवाणघेवाणीतून बाहेर पडतोय. घरात बोलत नाही त्याचं कारण तुम्ही त्या प्रवासात शोधताय, मला ते सायकलीपासून सुरू झालेलं दिसतं. (त्याच्या आईचं यावर काय म्हणणं आहे? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही.)

करिअरचं म्हणाल तर ते दोन ओळींत संपतं. भूशास्त्राला पुढे एमएस्सी, त्यासाठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा. मग यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, किंवा राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, किंवा खासगीत भूतांत्रिक सल्लागार कंपन्या. ‘एक वर्ष वाया जाईल’ ही भीती असेल तर: जॅमला वयाची अट नाही, जिओ-सायंटिस्टला ३२ पर्यंत बसता येतं आणि तुमच्या लाडक्या एमपीएससीला खुल्या प्रवर्गातून ३८ पर्यंत.

डिप्लोमाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. २० लाख, राहत्या घरावर कर्ज, आणि कोर्सचा विषय कोणता हे तुमच्या पत्रात नाही! एजंटने सांगितला नसेल किंवा तुम्ही विचारला नसेल. दोन्ही सारखंच वाईट. या एजंटांना बहुतेक वेळा तिकडच्या कॉलेजकडून प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं, तेव्हा त्यांच्याकडून ‘जाऊ नका’ असा सल्ला येणार नाही. ज्याला शिकायचंय त्याने शिकायला जावं. ज्याला चालायचंय त्याला वर्गात बसवून उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी २० लाख मोजायचे, तेही चार लोकांत ‘मुलगा फॉरेनला शिकतो’ म्हणता यावं म्हणून, हा हिशोब प्रॉडक्शनमधल्या माणसाने तरी करू नये.

आता मुलाचीही एक चूक सांगते, कारण त्याचा सगळा बेत तिच्यावर उभा आहे. ‘तिथे फळबागांत काम करून भागवीन’ हे व्हिजिटर व्हिसावर चालत नाही. युरोपातली मुलं सफरचंदं, किवी तोडत न्यूझीलंडभर फिरताना व्हिडिओत दिसतात ती फिरता फिरता काम करू देणाऱ्या, वर्किंग हॉलिडे नावाच्या वेगळ्या व्हिसावर आलेली असतात. व्हिजिटर व्हिसावर तिथल्या मालकाकडे पगारी काम तर नाहीच, पण शेतावर चार तास राबून त्याबदल्यात राहणं-जेवण घेणंसुद्धा तिथल्या इमिग्रेशनच्या लेखी कामच. पैसे हातात आले नाहीत ही सबब चालत नाही. पकडलं गेलं तर परत पाठवतात, आणि त्याची नोंद पुढे दुसऱ्या देशांच्या व्हिसा फॉर्मवरही लिहावी लागते. उलट, व्हिसा मागतानाच राहण्याच्या दर महिन्यासाठी किमान १००० न्यूझीलंड डॉलर आणि परतीच्या प्रवासाची सोय दाखवावी लागते. शेजारच्या ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी वर्षाला १००० जागांची वर्क अँड हॉलिडे व्हिसाची सोडत सुरू केली आहे, तिची बातमी ऐकून गल्लत झाली असेल तर ती सोडत ऑस्ट्रेलियाची आहे. थोडक्यात, पैसे इथून कमवून न्यायचे.

यापुढचं त्याला वाचायला द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, नुसतं द्या.

मित्रा, बाबांशी मी माझ्या परीने भांडले, आता तुझी पाळी. ते अरारोआ म्हणजे उत्तरेच्या केप रेइंगापासून दक्षिणेच्या ब्लफपर्यंत सुमारे ३००० किलोमीटर. २०११ साली ती वाट सलग खुली झाली. तू तिचे किती व्हिडिओ पाहिलेस हे मला नको, सलग चार दिवस स्वतःचं सगळं सामान पाठीवर घेऊन कधी चाललायस ते सांग. ठाण्याहून रात्री सुटणाऱ्या ट्रेक ग्रुपच्या बसने जाऊन सकाळी पायथ्याशी पोहे खाणं मी यात धरत नाही. आपल्या सह्याद्रीत कितीही आडवाटेला गेलास तरी संध्याकाळपर्यंत एखादी वाडी लागते, कुणीतरी मावशी पिठलं-भाकरी करून देते आणि पुढची वाट हाताने दाखवते. तिथे दक्षिण बेटावर काही टप्पे असे आहेत की सात-आठ दिवसांचं अन्न खांद्यावर घेऊन निघावं लागतं. सरकारच्या कॉन्झर्वेशन खात्याच्या नऊशेहून जास्त झोपड्या डोंगरांत विखुरलेल्या आहेत. आत लाकडी बंक, त्यावर गादी, बाहेर छपरावरचं पाणी साठवणारी टाकी, जरा लांब संडास, आणि एक वही. वहीत आपलं नाव, तारीख आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं. तू हरवलास तर शोधणारे ती वही आधी उघडतात. बहुतेक झोपड्यांत राखणदार नाही, चहावाला तर नाहीच.

तुझ्या बाबांना जनावरांची भीती असेल तर सांग त्यांना, त्या देशात साप नाहीत, अस्वलं नाहीत. भीती आहे ती नद्यांची. एकोणिसाव्या शतकात तिथे माणसं नदी ओलांडताना इतकी बुडायची की त्या मरणाला देशाचंच नाव पडलं होतं. वरच्या डोंगरात पाऊस झाला की घोट्याएवढं पाणी काही तासांत छातीपर्यंत येतं. राकाया आणि रांगिताता या रुंद पात्रांत अनेक धारांनी वाहणाऱ्या दोन नद्या तर मुद्दाम वाटेतून वगळल्या आहेत. त्या चालत ओलांडायच्या नाहीत, गाडीने वळसा घालून पुढे जायचं. पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यांवर दर वर्षी जे होतं ते तू बातम्यांत बघतोसच. झोपडीत दोन दिवस नुसतं बसून पाणी उतरायची वाट बघण्याइतका धीर तुझ्यात आहे का, हे इथेच तपासून घे.

माझं मत विचारशील तर पूर्ण ३००० करू नकोस. एवढ्या महिन्यांचे पैसे तुझ्याकडे नाहीत आणि अनुभवही नाही. दक्षिण बेट तेवढं धर, तेही सुमारे १३०० किलोमीटर भरतं. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथे उन्हाळा. तुझी टीवायची परीक्षा उन्हाळ्यात संपते, मधले सहा-सात महिने काम कर. नवी मुंबईत बांधकामं थांबलेली नाहीत, माती-खडक तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि बोअरिंगच्या साइट आहेत, तुझ्या विषयाचं काम आहे. पगार मोठा नसेल. तीन महिन्यांचे ३००० डॉलर, परतीचं तिकीट आणि विमा एवढं त्यातून साठलं तर जा. नाही साठलं तर एक वर्ष थांब, किंवा बेत आखूड कर. पण पुन्हा ‘बघा ना बाबा’ करत त्या अटींच्या दारात जाऊ नकोस. पावसाळा सरल्यावर नाणेघाट ते भीमाशंकर ही कड दोन मित्रांबरोबर, सगळं अन्न पाठीवर घेऊन, कुठे न जेवता कर. तिसऱ्या दिवशी खांदे काय म्हणतात ते ऐक.

काही बारीक गोष्टी. सॅकमध्ये लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपला ठावठिकाणा कळवणारं यंत्र, हवाच, तिथे भाड्याने मिळतो. तिथल्या सरकारी एसीसी योजनेत अपघाती दुखापतीचे उपचार पाहुण्यांनाही मिळतात, पण आजारपण आणि घरी परत आणण्याचा खर्च त्यात नाही, म्हणून विमा. तिथल्या विमानतळावर वापरलेले बूट आणल्याचं जाहीर कर, आणि निघण्यापूर्वी ते जुन्या टूथब्रशने खाचांखाचांतून घास. आपल्या डोंगरांची लाल माती तळव्याला राहिली आणि तू ती जाहीर केली नाहीस तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. आणि घरी कळवायचं कधी ते आधीच ठरव. त्या दिवसांत तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं: तू रात्री नऊला आडवा होशील तेव्हा ऐरोलीत दुपारचा दीड. बऱ्याच ठिकाणी रेंज नसेल. पाच दिवस फोन येणार नाही, तर ‘पाच दिवस येणार नाही’ हे आईला आधी सांगून जायचं.

परत बाबांकडे येते. तुम्ही म्हणाल, एवढं करून फायदा काय? तो भूशास्त्राचा विद्यार्थी आहे. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आणि आता शांत. तिथे दक्षिण बेटावर दोन भूपट्ट एकमेकांना घासतायत आणि डोंगर आजही उचलले जातायत. त्याला ते बघून आनंद होईल. पण हे तुमच्या गळी उतरवायचं औषध म्हणून मी देत नाही. त्याने तिथून एकही दगड न बघता, नुसतं चालून परत यावं, तरी माझी हरकत नाही. कमवून, कायद्यात राहून, परतीचं तिकीट काढून जाणाऱ्या सज्ञान मुलाला कारण द्यावं लागत नाही.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. एजंटला आजच फोन करून नाही म्हणा. टोकन दिलं असेल तर मागून घ्या, नाही मिळालं तर सोडून द्या. आणि एमपीएससीची अट मागे घ्या, तिच्या जागी नवी न घालता. ‘बरं, जॅम दे मग जा’ हेही नको. जॅम द्यायची की नाही, यंदा की पुढच्या वर्षी, ते तो ठरवेल.

मला भेटायला यायचं असेल तर त्याला एकट्याला पाठवा. तुम्हालाही यायचं असेल तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या, आणि येताना त्याच्या मार्कशीट आणू नका.