फॅस्टिडियस म्हणजे चोखंदळ, मग जंतूंना फॅस्टिडियस का म्हणतात?

शब्दकोशात 'फॅस्टिडियस' म्हणजे चोखंदळ असं दिलंय, पण मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकात काही जंतूंनाही तेच विशेषण लावलंय. हे कसं, आणि शब्द मुळात आला कुठून, असं तुम्ही विचारलंय. मी लॅबमध्ये काम करते, तेव्हा जंतूंपासूनच सुरुवात करते.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झा नावाचा एक जंतू आहे. हिमोफिलस म्हणजे रक्तप्रिय. साध्या न्यूट्रियंट अगारवर हा उगवत नाही. (अगार म्हणजे जंतू वाढवायचं जेलीसारखं खाद्य; ते चपट्या बशीत ओतलं की झाली प्लेट.) बरं, रक्त आवडतं म्हणून मेंढीच्या रक्ताची प्लेट पुढ्यात ठेवावी, तर तिच्यावरही धड वाढत नाही! त्याला हेमिन आणि एनएडी असे दोन पदार्थ लागतात, आणि एनएडी तांबड्या पेशींच्या आत अडकलेलं असतं. मग आम्ही साधारण ८० अंशांच्या गरम अगारमध्ये रक्त घालून हलक्या हाताने ढवळतो. पेशी फुटतात, आतला ऐवज बाहेर येतो आणि लालभडक मिश्रण बघता बघता तपकिरी होतं. हाच चॉकलेट अगार. (त्यात चॉकलेट औषधालाही नसतं. नवीन आलेली मुलं हमखास विचारतात.) शिवाय कार्बन डायऑक्साइड जरा जास्त हवा, म्हणून प्लेटा बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं, अशी जुनी पद्धत आहे. एवढी सरबराई जावयाचीसुद्धा होत नाही. आणि गंमत म्हणजे, त्याच नाकारलेल्या रक्ताच्या प्लेटवर स्टॅफिलोकोकस ऑरियस या दुसऱ्या जंतूची एक रेघ ओढली, की तिच्या कडेकडेने हा बारीक ठिपक्यांसारखा उगवतो. शेजाऱ्याच्या ताटातलं चालतं!

अमुकच हवं, नाहीतर पानावर बसणार नाही, अशा जंतूला फॅस्टिडियस म्हणतात.

आता उगम. लॅटिनमध्ये 'फास्टिडियम' म्हणजे शिसारी, तिटकारा. त्याची फोड बहुधा अशी असावी: 'फास्टस' म्हणजे तोरा आणि 'टीडियम' म्हणजे वीट. इंग्रजीतला 'टीडियस', म्हणजे कंटाळवाणा, हा शब्द याच टीडियममधून आला. मला सगळ्यात मजेची वाटते ती पुढची उलटापालट. इंग्रजीत हा शब्द एके काळी किळस आणणाऱ्या गोष्टीला लावत. सतराव्या शतकात तो किळस येणाऱ्या माणसाकडे सरकला. म्हणजे आधी दुधी भोपळ्याची भाजी फॅस्टिडियस होती, नंतर ती बघून तोंड वाकडं करणारा फॅस्टिडियस झाला.

म्हणूनच 'चोखंदळ' मला अर्धवट वाटतो. चोखंदळ वाचक, चोखंदळ गिऱ्हाईक, यात कौतुक आहे. फॅस्टिडियसच्या पोटात अजून थोडी शिसारी शिल्लक आहे. कपड्यालत्त्यांबद्दल चांगल्या अर्थी आला असेल तर 'टापटिपीचा' किंवा 'काटेकोर' लिहा, आणि वाक्यात टोमणा असेल तर सरळ 'नाक मुरडणारा'. 'फिनिकी'शी मात्र गल्लत करू नका. तो 'फाइन'च्या कुळातला, त्यात किळस नाही, नुसते नखरे.

जंतूंसाठी आमच्या लॅबमध्ये 'नखरेल' चालतं. एखादा रिपोर्ट रखडला की कोणीतरी म्हणतंच, "नखरेल पाहुणा दिसतोय." रिपोर्टवर मात्र फॅस्टिडियसच लिहावं लागतं.