विंचनंतर पहिला एअरोटो: तासगावच्या मित्राला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू तासगावचा, जर्मनीत शिकायला गेलास, तिथल्या ग्लायडिंग (बिनइंजिनाच्या विमानांच्या) क्लबात विंचवर, म्हणजे जमिनीवरच्या यंत्राने दोर गुंडाळून ग्लायडर वर ओढतात तसं, चाळीसेक उड्डाणं झाली आणि आता विमानामागे दोर बांधून वर जायचं, म्हणजे पहिला एअरोटो, थोडक्यात टो आहे. विंचपेक्षा हे सोपं आणि सुरक्षित असतं ना? अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी कराडचा, नोकरीमुळे अकरा वर्षं तिकडेच होतो, आणि शनिवार-रविवार घरी कमी, धावपट्टीवर जास्त काढले.

विंचवर सगळं अर्ध्या मिनिटात आटोपतं. टोमध्ये पाच-सात मिनिटं दुसऱ्या वैमानिकाच्या मागे बांधलेला असतोस. त्यामुळे 'सुरक्षित आहे का' याच्या आधी 'कोणासाठी' ते विचारायला हवं.

गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिलाय. चढावर मागचा भार खाली ओढतो आणि ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. टगचं, म्हणजे पुढे ओढणाऱ्या विमानाचं, याच्या बरोबर उलटं होतं. ग्लायडर मागे फार वर गेला की दोर टगची शेपटी उचलतो आणि त्याचं नाक खाली जातं. मग टगच्या वैमानिकाने स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) कितीही ओढली तरी उपयोग होत नाही. वरच्या कोनातून ताण बसल्यामुळे त्याच्याकडचा हुक सुटत नाही, असंही घडलेलं आहे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. तू वर मोकळ्या हवेत असतोस, जमीन त्याच्या तोंडासमोर असते. टोमध्ये टग वैमानिकांचे जीव असेच गेलेत, आणि बहुतेक वेळा चूक मागच्याची होती.

मी स्वतः हे जवळपास करून बसलो होतो. कॅनॉपीची, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची, कडी नीट बसली नव्हती. दोनशे मीटरवर ती फटकन उघडली आणि माझा हात आपोआप तिकडे गेला. पुन्हा समोर पाहिलं तर टग नाही! फक्त दोर नाकाखाली गेलेला दिसत होता. दोर सोडायची पिवळी मूठ ओढली, वळलो, उघड्या कॅनॉपीनिशी उतरलो. टगवाला नंतर आला तेव्हा चिडलेला नव्हता. त्याने फक्त मूठ पोटाला टेकवून दाखवली: स्टिक इथपर्यंत आली होती, तरी नाक खालीच चाललं होतं. शंभर मीटरवर असतो तर हे उत्तर लिहायला मी तोंड वर करून बसलो नसतो.

म्हणून एक गोष्ट आत्ताच पक्की कर. टग दिसेनासा झाला की लगेच सोडायचं. 'बघू, येईल परत दिसायला' असं म्हणत थांबायचं नाही, रेडिओवर विचारत बसायचं नाही. कॅनॉपी उघडली, चष्मा पडला, पायाशी काही गडगडलं, तरी आधी ग्लायडर सांभाळ, बाकीचं राहू दे. उघडी कॅनॉपी आवाज फार करते, पण ग्लायडर बहुधा उडत राहतो. पोटाच्या हुकवर टो घेतलास तर ग्लायडर वर उसळायची ओढ जास्त असते. नाकाचा हुक असेल तर तोच वापर.

सुरुवातीलाही डावा हात पिवळ्या मुठीपाशीच ठेव. वेग यायच्या आधी पंख खाली जाऊन गवताला लागला तर सावरत बसू नकोस, सोड. ग्लायडर टगच्या आधी जमीन सोडतो. तिथे हुरळून वर जायचं नाही, टग उठेपर्यंत एक-दोन मीटरवरच राहायचं. वळताना तुझं नाक टगच्या बाहेरच्या पंखाच्या टोकाकडे हवं, पंखांचा कल त्याच्याइतकाच. दोर सैल पडून बाजूला कमान दिसली तर घाबरून झटका देऊ नकोस, रडर (शेपटीचं सुकाणू) हलका दाबून ताण हळूहळू येऊ दे. कमान पंखापर्यंत आली तर मात्र सोड.

खुणा दोनच, पण त्यांची गल्लत फार होते. टगने पंख डोलवले म्हणजे 'आत्ता सोड'. टगने नुसती शेपटी, म्हणजे रडर, डावी-उजवी हलवली तर 'तुझे एअरब्रेक (पंखांतून बाहेर येऊन ग्लायडरला खाली आणणाऱ्या पट्ट्या) बघ'. ब्रेकचं लॉक नीट लागलं नसेल तर ते उड्डाणाच्या वेळी हळूच बाहेर येतात. टगला चढता येत नाही आणि मागच्याला वाटतं आज हवाच जड आहे. अशात रडर हललेलं पाहून घाबरून दोर सोडणारे आहेत. मग कमी उंची, कमी वेग आणि वर ब्रेक उघडे! त्यामुळे रडर हललं की हात आधी एअरब्रेकच्या निळ्या मुठीकडे. आणि उलटी वेळ आली, तुझाच हुक सुटत नसेल आणि रेडिओ चालत नसेल, तर डावीकडे सरकून तू पंख डोलवायचे.

दोराबद्दल क्लबवर विसंबू नकोस, स्वतः हात फिरवून बघ. मध्ये गाठ पडली असेल तर त्या जागी ताकद निम्म्यावर येऊ शकते. कड्या झिजल्यात का, वाकल्यात का ते बघ. वीक लिंकचा, म्हणजे ताण फार वाढला की मुद्दाम आधी तुटणाऱ्या तुकड्याचा, रंग ग्लायडरच्या पुस्तकाशी जुळव. निळी ६०० डेकान्यूटनला (साधारण ६०० किलोच्या ओढीला) तुटते, काळी १०००ला. 'निळी संपली, काळी लावू' म्हणणारा भेटेल, त्याला नाही म्हण. ती वेळेवर तुटावी म्हणूनच लावलेली असते.

दोर तुटला तर काय, हे जमिनीवर असतानाच मोठ्याने बोल: इतक्या मीटरखाली सरळ समोर उतरायचं, त्याहून वर असलो तर परत फिरायचं. आकडा तुझा शिक्षक त्या मैदानाप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे देईल, माझा ऐकू नकोस. तुटल्यावर आधी नाक खाली, वेग आला की मग वळण. वर गेल्यावर सोडताना आजूबाजूला बघ, मूठ ओढ, दोर खरंच गेलेला डोळ्यांनी बघ, आणि मगच वळ. कोण कुठल्या बाजूला वळणार ते त्या क्लबात ठरलेलं असतं, सकाळीच विचारून ठेव.

आणि पहिल्या टोच्या आधी दोन सीटच्या टगमध्ये जागा मिळाली तर एकदा त्या वैमानिकाबरोबर बसून जा. मागे नवखा असला की शेपटीला कसे हिसके बसतात, आणि त्याची नजर किती वेळा आरशाकडे जाते, ते बघ. तिकडे रांगेत थांबणाऱ्यांसाठी केक आणायची पद्धत आहे, टगवाल्यालाही एक तुकडा नेऊन दे.